गळ टाकण्यापूर्वी : पाणी कोणाचे, मासा कोणता, हंगाम कोणता?



मृगाचा पहिला जोराचा पाऊस पडून गेला की कल्याण तालुक्यातल्या ओहोळांना लाल पाणी चढते. त्याच रात्री गावोगावची पोरे बॅटरी, टोपली आणि काठी घेऊन बांधावर हजर होतात. ओहोळातून खाचरात, खाचरातून वरच्या खाचरात मासे उसळ्या मारत चढत असतात. यांना आपण चढणीचे किंवा वलगणीचे मासे म्हणतो. त्या रात्री गावात घरोघरी कालवण शिजते. वर्षातून एकदा मिळणारी ही मजा कोणाला नको असते?

आता ठाकुर्लीकडे पाहू. चोळे, कचोरे, मोठागाव या भागात एकेकाळी भातखाचरे होती, तेथे आज इमारती उभ्या आहेत. तरी लोकलने ठाकुर्लीहून कल्याणकडे जाताना डाव्या हाताला अजून खाडी दिसते. रविवारी सकाळी तिच्या काठावर दांड्या लावून बसलेली माणसेही दिसतात. त्यांत आगरी-कोळी घरांतले जुने जाणते असतात आणि कारखान्यातून निवृत्त झालेले, हौसेने गळ टाकणारे नवेही असतात. बदलापूर, मुरबाड, शहापूरकडे ज्यांची शेती आहे, त्यांच्या शेततळ्यावरही असे हौशी लोक 'जरा गळ टाकू का?' म्हणून विचारत येतात.

या सर्वांचा एकच प्रश्न असतो : गळाने मासे धरायला परवाना लागतो का? याचे उत्तर नुसते 'हो' किंवा 'नाही' असे देता येत नाही. पाणी कोणाचे, मासा कोणता, हंगाम कोणता आणि साधन कोणते, या चार प्रश्नांची उत्तरे मिळाली की परवान्याचे उत्तर आपोआप मिळते. प्रस्तुत लेखात हे चार प्रश्न क्रमाने पाहू.

परवाना कशासाठी?

परवाना म्हटले की आपल्याला कर आठवतो. प्रत्यक्षात परवाना हा एक करार आहे. 'मी एवढेच मासे घेईन, या साधनानेच घेईन, या काळात घेणार नाही. म्हणजे पुढच्या वर्षीही पाण्यात मासे राहतील', असा तो करार असतो. युरोपच्या उत्तरेकडील देशांची पद्धत पाहिली की हे चांगले समजते.

फिनलंडमध्ये साधी काठी, दोरा आणि एक गळ लावून गांडुळावर मासे धरायला, तसेच हिवाळ्यात गोठलेल्या तळ्याच्या बर्फाला भोक पाडून गळ सोडायला सर्वसाधारणपणे परवाना लागत नाही. तो तेथे प्रत्येक माणसाचा हक्क मानला जातो. मात्र चक्रीची दांडी आणि खोटे आमिष वापरायचे असेल तर १८ ते ६९ वर्षे वयाच्या माणसाला सरकारी मत्स्यसंवर्धन शुल्क भरावे लागते. जाळे लावायचे असेल तर त्याशिवाय पाण्याच्या मालकाचीही संमती लागते. हे मालक म्हणजे बहुतेक ठिकाणी त्या गावचे जमीनधारकच असतात. गावचे पाणी त्यांच्या सामायिक मालकीचे असते.

स्वीडनमध्ये समुद्रकिनारा आणि पाच मोठी सरोवरे येथे हातदांडीने मासेमारी १९८५ पासून सर्वांना खुली आहे. इतर तळी व नद्या काठच्या जमीनमालकांच्या संघांकडे असतात आणि तेथे त्यांचे कार्ड विकत घ्यावे लागते. आइसलँडमध्ये तर सामन माशाच्या नदीवरचा हक्क काठच्या जमिनीशी जोडलेला आहे. तेथील शेतकरी नदीनिहाय संघ करतात आणि एका दिवशी नदीवर किती दांड्या लागतील याला मर्यादा असते. गळ टाकायला येणाऱ्यांकडून मिळणारे भाडे शेतकऱ्यांना वाटून मिळते.

या तिन्ही देशांच्या पद्धती वेगळ्या असल्या तरी सूत्र एक आहे : साधे साधन स्वस्त किंवा मोफत, मोठ्या साधनावर बंधन, आणि काठच्या माणसाचा पाण्यावर हक्क तसाच राखणीचा भारही. आपल्याकडे हिमाचल प्रदेश, जम्मू-काश्मीर या राज्यांत ट्राउट व म्हसीर यांच्या गळ-मासेमारीसाठी सरकारी परवाना देतात. महाराष्ट्रात मात्र परवानगी त्या-त्या पाण्याप्रमाणे पाहावी लागते. म्हणून पहिला प्रश्न पाण्याचा.

पहिला प्रश्न : पाणी कोणाचे?

(१) स्वतःचे शेततळे किंवा विहीर : तळे तुमचे, त्यात बीज तुम्ही सोडले, तर मासेही तुमचेच. नदीतला मासा पकडेपर्यंत कोणाच्या मालकीचा नसतो. बंदिस्त तळ्यातला मासा मात्र तळेवाल्याची मालमत्ता आहे. विचारल्याशिवाय तो नेणे ही चोरी ठरते. दुसऱ्याच्या शेततळ्यावर गळ टाकताना मालकाची स्पष्ट परवानगी घ्यावी.

(२) गावतळी व शहरातील तलाव : गावतळे सामान्यतः ग्रामपंचायतीच्या ताब्यात असते आणि ते बरेचदा ठेक्याने दिलेले असते. कल्याणच्या काळ्या तलावासारखे शहरातील तलाव महानगरपालिकेकडे असतात. येथे ग्रामपंचायत किंवा पालिका हीच प्रथम विचारण्याची जागा.

(३) पाटबंधाऱ्यांचे जलाशय : यांतील मासेमारीचा हक्क मत्स्यव्यवसाय विभागामार्फत, बहुधा पाच वर्षांच्या मुदतीने, मच्छीमार सहकारी संस्थांना दिला जातो. संस्था पैसे भरून बीज सोडते आणि त्या मासळीवर तिच्या सभासदांच्या चुली पेटतात. अशा जलाशयावर 'मी एकच मासा घेतला' ही सबब चालत नाही. संस्थेच्या कार्यालयात विचारावे. काही संस्था थोडे शुल्क घेऊन गळाला परवानगी देतात, काही देत नाहीत. दोन्ही निर्णय त्यांच्या हक्कातले आहेत.

(४) पिण्याच्या पाण्याचे साठे : बारवी धरण महाराष्ट्र औद्योगिक विकास महामंडळाचे आहे, तानसा, मोडकसागर हे मुंबई महानगरपालिकेचे आहेत. या ठिकाणी सुरक्षेमुळे प्रवेशावरच निर्बंध असतात. लेखी परवानगीशिवाय काठावर उतरू नये.

(५) अभयारण्ये व राष्ट्रीय उद्याने : तानसा अभयारण्य, विहार व तुळशी तलावांचा परिसर, ठाणे खाडीतील फ्लेमिंगो अभयारण्य (स्थापना २०१५, रामसर यादीत समावेश २०२२) येथे वन्यजीव संरक्षण कायदा, १९७२ लागू होतो. येथे हौसेचा गळ टाकणे म्हणजे नुसता दंडाचा प्रश्न राहत नाही. तो वन्यजीव गुन्हा ठरू शकतो.

(६) हौशी संस्थांच्या देखरेखीखालील पाणी : पवई तलाव (बांधणी १८९१) हे याचे जवळचे उदाहरण. येथे महाराष्ट्र राज्य अँगलिंग असोसिएशन या जुन्या संस्थेमार्फत सभासद व परवाना पद्धतीने गळाची मासेमारी चालत आली आहे. या तलावात मगरी आहेत, हेही ध्यानात ठेवावे.

(७) नदी व खाडी : उल्हास नदी राजमाचीच्या डोंगराकडून निघून कर्जत, नेरळ, बदलापूर करीत कल्याणला येते. काळू आणि भातसा यांचे पाणी तिला मिळते आणि कल्याणच्या सुमारास ती भरती-ओहोटीची खाडी होते. हे पाणी सार्वजनिक आहे. होडी, डोल किंवा इतर जाळी लावून विक्रीसाठी मासे धरणे हा नोंदणीचा व परवान्याचा विषय आहे. काठावरून हातदांडीने घरापुरते मासे धरणाऱ्यानेही त्या पट्ट्यात ठेका, बंदी किंवा स्थानिक आदेश आहे का, याची ठाणे येथील सहायक आयुक्त, मत्स्यव्यवसाय यांच्या कार्यालयात एकदा चौकशी करून घ्यावी. तसेच कोळी बांधवांचे खुंट, डोल व होड्यांची वाट यांपासून दूर बसावे. हा जितका नियमाचा तितकाच शेजारधर्माचा भाग आहे.

दुसरा प्रश्न : मासा कोणता आणि केवढा?

गळाला काय लागेल हे आपल्या हातात नसते. लागल्यावर काय ठेवायचे आणि काय सोडायचे हे मात्र असते.

लहान मासा सोडावा, हा नियम सर्वांना ठाऊक आहे. माशाला आयुष्यात निदान एकदा वीण घालता यावी, हा त्यामागचा हिशेब. समुद्री मासळीसाठी महाराष्ट्र शासनाने २०२३ साली ५४ जातींची किमान लांबी ठरवून दिली. त्यानुसार रुपेरी पापलेट १३५ मिलिमीटरपेक्षा लहान असेल तर तो पकडू नये. हाच पापलेट त्याच वर्षी राज्यमासा म्हणून जाहीर झाला. गोड्या पाण्यातही हाच न्याय लावावा. दांडीवर रंगाने सेंटिमीटरच्या खुणा करून ठेवल्या म्हणजे मापाला वेगळी पट्टी लागत नाही.

कधी कधी मोठा मासाही सोडणे शहाणपणाचे असते. आपल्या खाडीतला जिताडा याचे उत्तम उदाहरण आहे. जिताडा सामान्यतः आधी नर म्हणून वयात येतो आणि पुढे काही वर्षांनी, आकाराने मोठा झाल्यावर, त्याची मादी होते. म्हणजे खाडीतले सगळे मोठे जिताडे काढले तर आपण माद्याच काढतो. खारबंदिस्तीच्या उघाडीतून आत येणारे जिताड्याचे पिलू ज्यांनी तळ्यात वाढवले आहे, त्यांना या पिलाची किंमत वेगळी सांगायला नको.

चिंबोरीच्या पोटाखाली अंड्यांचा पुंजका दिसला तर ती तत्काळ पाण्यात सोडावी. काठची खारफुटी तोडू नये. कोळंबी व चिंबोरीची पिले तिच्याच मुळांत वाढतात.

काही प्राणी मुळीच ठेवता येत नाहीत. गोड्या पाण्यातील कासव गळाला लागले तर गळ हलकेच काढून, न निघाल्यास तंगूस तोंडाजवळ कापून, ते सोडून द्यावे. आपल्या तळ्या-ओढ्यांत आढळणारे मऊ पाठीचे कासव वन्यजीव कायद्याच्या पहिल्या अनुसूचीत आहे; ते घरी नेणे, विकणे किंवा पाळणे हा गंभीर गुन्हा आहे. समुद्राकडे करवत मासा, समुद्रघोडा यांनाही या कायद्याचे संरक्षण आहे.

याच्या उलट काही मासे पाण्यात सोडायचे नसतात. थाई मांगूर या परदेशी माशाच्या पालनावर केंद्र शासनाने २००० साली बंदी घातली. हा मासा खादाड असून स्थानिक मासे व पिले फस्त करतो. तो चुकून हाती आला तर नदीत किंवा तळ्यात परत सोडू नये. तिलापियाही एका पाण्यातून दुसऱ्या पाण्यात नेऊन टाकू नये.

तिसरा प्रश्न : हंगाम कोणता?

या लेखातील सर्वांत महत्त्वाचा भाग हाच आहे. त्याचा संबंध हौशी माणसापेक्षा शेतकऱ्याशी अधिक आहे.

समुद्रातल्या यांत्रिक नौकांच्या मासेमारीवर पावसाळ्यात बंदी असते. १९८१ च्या सागरी मासेमारी नियमन कायद्याखाली शासन तसा आदेश काढते. अनेक वर्षे हा काळ १ जून ते ३१ जुलै असा ६१ दिवसांचा राहिला आहे. वल्ह्याच्या व शिडाच्या बिगरयांत्रिक होड्यांना त्यातून वगळण्यात येत असे. प्रत्येक वर्षीचा आदेश त्या वर्षी पाहून घ्यावा. जलाशयांच्या बाबतीत पावसाळी बंदीच्या तारखा ठेक्याच्या अटींत व विभागाच्या आदेशात असतात.

पण खाचराचे काय? तेथे पहारेकरी नाही, फलक नाही. तेथे तुम्हीच आहात.

चढणीचा मासा वर का चढतो, ते पाहा. उन्हाळाभर तो डोहात, डबक्यात, चिखलात तग धरून राहिलेला असतो. पहिल्या पुराबरोबर नवे, थंड, भरपूर प्राणवायूचे पाणी येते. नुकत्याच बुडालेल्या गवतात व भातखाचरांत पिलांना पुरेल एवढे सूक्ष्म खाद्य तयार होते आणि मोठे शत्रूही तेथे कमी असतात. म्हणून मासा उथळ पाण्याकडे धाव घेतो. तो खाचरात आलेला असतो तो अंडी घालायला. त्या रात्री टोपलीत पडलेल्या माशांची पोटे फुगलेली का असतात, याचे उत्तर हेच.

मरळ माशाचे पाहा. नर-मादी मिळून गवतात घरट्यासारखी जागा मोकळी करतात, तेथे काही हजार अंडी घालतात आणि त्यांची राखण करतात. पिले बाहेर आली की त्यांचा लालसर-तांबूस घोळका पाण्याच्या पृष्ठभागावर हवा घ्यायला वर-खाली होत असतो. आई-बाप त्या घोळक्याखाली फिरत असतात. जाणकार माणूस हा घोळका पाहूनच गळ टाकतो आणि मरळही चवताळून गळाला तोंड घालते. हातात येते एक मरळ आणि तिच्यामागे सबंध घोळका बेवारशी होऊन बगळ्याच्या व इतर माशांच्या तोंडी जातो.

रोहू, कटला, मृगळ यांची वीण पुराच्या वाहत्या पाण्यात होते. रोहूच्या मादीत वजनाच्या दर किलोमागे सुमारे दोन लाख अंडी असतात. त्यातले हजारात एक जरी मोठे झाले असे धरले, तरी एक किलोच्या एका मादीपासून दोनशे मासे मिळतात. जूनमध्ये एक मादी खाल्ली की पुढच्या वर्षीचे दोनशे मासे गेले, असा हा हिशेब. बियाण्याचे भात कांडून खाणाऱ्याला आपण काय म्हणू?

आपण बीज विकत आणतो ना, मग नदीच्या विणीची चिंता कशाला, असे कोणी म्हणेल. १० जुलै १९५७ रोजी डॉ. हिरालाल चौधरी यांनी ओडिशात कार्प माशांचे प्रेरित प्रजनन यशस्वी केले आणि तेव्हापासून बीजासाठी नदीवरच विसंबून राहण्याची गरज कमी झाली. तो दिवस आज राष्ट्रीय मत्स्यशेतकरी दिन म्हणून पाळतात. पण बीजकेंद्रात प्रामुख्याने बाजारात खपणाऱ्या थोड्या जातींचे बीज होते. आपल्या ओहोळातले शिंगी, देशी मांगूर, वाम, मळे यांचे बीज आणून ओहोळात कोण सोडणार? त्यांचे बीजकेंद्र म्हणजे आपलेच खाचर.

म्हणून प्रत्येक शेतकऱ्याने पुढील गोष्टी पाळाव्यात :

१. ओहोळाच्या किंवा मोरीच्या पूर्ण रुंदीला आडवी जाळी, चटई किंवा सापळा लावू नये. निदान अर्धी वाट मोकळी ठेवावी.

२. चढणीच्या पहिल्या काही दिवसांत मासेमारी टाळावी. धरलेच तर फुगलेल्या पोटाची मादी लगेच सोडावी.

३. आवणीच्या वेळी खाचराच्या एका कोपऱ्यात थोडा खोल डबरा ठेवावा. पावसाने ओढ दिली तर पिले तेथे तगून राहतात.

४. कीटकनाशक टाकल्यावर खाचरातले पाणी लगेच ओहोळात सोडू नये. औषधाच्या लेबलावरील सूचना वाचाव्यात. पायरेथ्रॉइड गटातील औषधे माशांना अत्यंत घातक असतात. मासे असलेल्या खाचरात शक्य तर औषधाविना कीडनियंत्रण करावे.

५. भाद्रपद-आश्विनात पाणी आटू लागले की डबऱ्यात अडकलेली पिले बादलीने ओहोळात किंवा स्वतःच्या शेततळ्यात सोडावीत.

मरळीच्या पिलांचा घोळका दिसेल तेथे त्या पावसाळ्यात गळ टाकू नये, हा नियम गावाने ग्रामसभेत ठरवावा. कायद्याचा हात पोचत नाही तेथे गावचा शब्द पोचतो.

चौथा प्रश्न : साधन कोणते?

स्फोटके आणि विष यांनी मासे मारण्यास आपल्या देशात १८९७ च्या मत्स्य कायद्यापासून मनाई आहे. त्या वेळी त्याला दोन महिन्यांपर्यंत कैद किंवा दोनशे रुपयांपर्यंत दंड होता. पुढे महाराष्ट्राने १९६० साली स्वतःचा मत्स्यव्यवसाय कायदा केला. आज सुरुंगाची कांडी बाळगणे हाच स्फोटकविषयक कायद्याखाली वेगळा व मोठा गुन्हा आहे. शिवाय पाण्यावर सुरुंग उडवताना हात गमावलेली माणसे आपल्याच भागात दिसतात.

ब्लीचिंग पावडर, शेतीची औषधे, तसेच गेळफळासारखी पूर्वापार वापरातली वनस्पती, सगळे विषच. विष निवडक नसते; ते अंड्यापासून बेडकापर्यंत सर्वांना मारते. तेच पाणी खाली गुरे पितात आणि तीच मासळी आपल्या ताटात येते.

अलीकडे बॅटरी व इन्व्हर्टरने पाण्यात वीज सोडून मासे धरण्याचा प्रकार वाढला आहे. त्यात अंडी व पिले जातात आणि धरणाऱ्याचाही जीव जाऊ शकतो. असे काही दिसल्यास स्वतः भांडायला न जाता पोलीस ठाणे व मत्स्यव्यवसाय कार्यालयास कळवावे.

जाळ्याचा आस बारीक असेल तर पिलेही निघतात. मच्छरदाणीचे कापड तर कधीच वापरू नये. या सर्वांच्या तुलनेत गळ हे सौम्य साधन आहे, कारण एका वेळी एक मासा येतो आणि तो जिवंत सोडता येतो. त्यासाठी हात ओले करून मासा धरावा, कोरड्या हाताने किंवा फडक्याने त्याच्या अंगावरचा बुळबुळीत थर निघून रोग शिरतो. गळाचा उलटा काटा पक्कडने दाबून सपाट केला तर गळ सहज निघतो. तुटलेली तंगूस काठावर टाकू नये. बगळे, पाणकावळे तिच्यात पाय अडकून मरतात.

सोडलेल्या माशाचे मोल काय, हे लोणावळ्याच्या वळवण येथील कामावरून कळते. टाटा वीज कंपनीच्या तलावाकाठी १९७० च्या दशकात डॉ. सी. व्ही. कुलकर्णी व त्यांच्या सहकाऱ्यांनी दख्खनी म्हसीरचे कृत्रिम प्रजनन यशस्वी केले. तेथील पिले पुढे देशातल्या अनेक राज्यांत गेली. या माशाचे शास्त्रीय नाव टॉर खुद्री. त्यातला 'खुद्री' हा शब्द मराठी मुलखातल्या नावावरून साइक्स या अधिकाऱ्याने १८३९ साली घेतला. आपल्या नद्यांनी जगाला नाव दिलेला मासा आपल्याच नद्यांत बीज आणून सोडावा लागावा, यातून घ्यायचा तो धडा घ्यावा.

शेततळ्यावर गळाची मासेमारी : एक जोडधंदा

कल्याण, बदलापूर, मुरबाड या पट्ट्यात शहर जवळ आहे. शहरी माणसाला मासळीइतकीच काठावर बसण्याची ओढ असते. आइसलँडचा शेतकरी नदीकाठ भाड्याने देतो. आपण शेततळ्याचा काठ का देऊ नये?

दहा गुंठ्यांच्या, बारमाही पाणी टिकणाऱ्या तळ्यात ५०० ते १,००० बोटुकली सोडता येतात. कटला ४, रोहू ३, मृगळ ३ असे प्रमाण ठेवावे. बीज खात्रीच्या केंद्रातूनच घ्यावे आणि पावती जपून ठेवावी. मासे वर्षभराचे झाल्यावर ठरावीक दिवशी, मोजक्या दांड्यांना प्रवेश द्यावा. काठावर ठळक फलक लावून त्यावर पुढील नियम लिहावेत : प्रवेश शुल्क व वेळ, एका माणसाला एक दांडी, नेलेल्या मासळीचा किलोचा दर, अमुक मापाखालील मासा सोडून देणे, लहान मुलाबरोबर मोठा माणूस असणे, तळ्यात पोहण्यास व दारूस बंदी. अस्तराच्या तळ्यात पाय घसरतो आणि बाहेर येता येत नाही. म्हणून कुंपण, दोर आणि ट्यूब हाताशी ठेवावीच.

राज्याच्या २०२० च्या कृषी पर्यटन धोरणाखाली पर्यटन संचालनालयाकडे केंद्राची नोंदणी करता येते. एप्रिल २०२५ मध्ये राज्य मंत्रिमंडळाने मत्स्यव्यवसायाला कृषीचा दर्जा देण्याचा निर्णय घेतला. त्याखालील सवलतींसाठी मत्स्यव्यवसाय कार्यालयात व आपल्या बँकेत चौकशी करावी. तळ्याच्या तांत्रिक सल्ल्यासाठी कोकण कृषी विद्यापीठाचे रत्नागिरीजवळील शिरगाव येथील मत्स्य महाविद्यालय आपल्यासाठीच आहे.

काठावरची काळजी

खाडीकाठी बसताना तिथी पाहावी. अमावास्या व पौर्णिमेच्या सुमारास उधाण असते आणि पाणी पाठीमागच्या खाजणातूनही चढते. मुंबई बंदराची भरतीची वेळ जशीच्या तशी धरू नये. भरती खाडीत आत उशिरा पोचते. पावसाळ्यात धरणातून पाणी सोडण्याची सूचना असेल तर नदीपात्रात उतरू नये. ग्रॅफाइटची दांडी विजेची वाहक आहे. ठाकुर्लीसारख्या ठिकाणी, जेथे काठाजवळून रेल्वेमार्ग जातो, तेथे उघडलेली लांब दांडी घेऊन विद्युत तारांखालून जाऊ नये आणि रूळ तर मुळीच ओलांडू नयेत. तारांत २५,००० व्होल्टचा दाब असतो.

नाल्याच्या किंवा कारखान्याच्या सांडपाण्याच्या तोंडाशी धरलेला मासा खाऊ नये. पाण्यावर मेलेले मासे तरंगताना दिसले तर ते गोळा करू नयेत, गुरांनाही ते पाणी पाजू नये आणि प्रदूषण नियंत्रण मंडळास कळवावे.

गळ टाकण्यापूर्वी स्वतःला विचारा

• हे पाणी कोणाच्या ताब्यात आहे? परवानगी घेतली का? पावती जवळ आहे का?
• या पाण्याला ठेका, अभयारण्य किंवा बंदीचा आदेश लागू आहे का?
• आज विणीचा काळ आहे का? पिलांचा घोळका जवळपास आहे का?
• कोणते मासे व कोणते प्राणी सोडायचे, हे मला ठाऊक आहे का?
• माझे साधन एकाच माशाला धरते, की सर्वांना मारते?

फिनलंडच्या माणसाकडे पावती असते, स्वीडनच्या माणसाकडे कार्ड असते. आपल्या खाचराला पावती नाही आणि कार्डही नाही. तेथे परवाना देणारे आपण आणि घेणारेही आपणच. येत्या मृगात ओहोळाला लाल पाणी येईल, तेव्हा बांधावर जरूर जावे, मुलांनाही न्यावे. चढणारा मासा त्यांना दाखवावा, त्यातली एक भरल्या पोटाची मादी त्यांच्या हाती द्यावी आणि त्यांच्याच हाताने वरच्या खाचरात सोडायला लावावी. आश्विनात त्याच डबऱ्यात पिले दिसली की नियम कशासाठी असतो, हे त्यांना वेगळे शिकवावे लागणार नाही.